घरी भरलेले काडतूस : गोळीची निवड आणि बैठक

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हरणांच्या शिकारीचे वारे वाहू लागतात. मिशिगन राज्यात बंदुकीने शिकार करण्याचा मुख्य हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. एकमेकांना दुरून दिसावे म्हणून भडक नारिंगी जाकिटे घातलेले लाखो परवानाधारक शिकारी या दिवसांत रानात उतरतात. त्यांचे लक्ष्य असते पांढऱ्या शेपटीचे हरीण. या शिकाऱ्यांपैकी बहुतेक जण दुकानातून काडतुसांचे खोके विकत घेतात. परंतु त्यांच्यात एक वर्ग असाही आहे, जो आपली काडतुसे स्वतःच्या घरी, तळघरातल्या मेजावर, एकेक करून भरतो. या उद्योगाला ‘हँडलोडिंग’ म्हणतात.

भारतीय वाचकाला हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये आपल्याकडे हरणांची शिकार हा गुन्हा आहे आणि शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हाही गुन्हाच आहे. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे सर्वसाधारणपणे कायदेशीर मानले जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद सहकाऱ्यांच्या बोलण्यातून आणि कधी शेजाऱ्याने आपुलकीने दिलेल्या हरणाच्या मांसातून भेटतो. या छंदातील सर्वांत महत्त्वाचे दोन निर्णय म्हणजे गोळी कोणती निवडायची आणि ती पुंगळीत किती खोल बसवायची. जनावराला सुटसुटीत मरण येते की ते जखमी होऊन तडफडते, बंदूक धरणाऱ्याचा चेहरा सुरक्षित राहतो की नाही, आणि ताटात येणारे मांस शिशापासून मुक्त असते की नाही, हे तिन्ही प्रश्न या दोन निर्णयांशी जोडलेले आहेत.

काडतुसाचे चार भाग

बोलीभाषेत आपण ‘गोळी’ हा शब्द संपूर्ण काडतुसासाठीही वापरतो. वास्तविक रायफलीच्या काडतुसाचे चार स्वतंत्र भाग असतात. पितळेची पुंगळी हे त्याचे शरीर. पुंगळीच्या बुडाशी असलेली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, आघाताने पेटते आणि ठिणगी देते. पुंगळीच्या पोटात धूरविरहित दारू असते. ती जळून वायू निर्माण करते. आणि पुंगळीच्या तोंडाशी घट्ट बसवलेला धातूचा टोकदार तुकडा म्हणजे खरी गोळी. नळीतून बाहेर पडते ती फक्त हीच. उरलेली पुंगळी बंदुकीतच राहते आणि तिचा पुन्हा वापर करता येतो. हँडलोडिंगचे सारे अर्थशास्त्र या पुनर्वापरावर उभे आहे, कारण काडतुसातील सर्वांत महाग भाग बहुधा पुंगळी हाच असतो.

अमेरिकेत हा छंद खऱ्या अर्थाने फोफावला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धासाठी तयार केलेली दारू मोठ्या प्रमाणावर शिल्लक राहिली होती. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी असा साठा विकत घेऊन तो सामान्य ग्राहकांना विकण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास गोळ्या बनविणारे नवे कारखानेही उभे राहिले. १९४७ मध्ये सिएरा, १९४८ मध्ये नॉस्लर, १९४९ मध्ये हॉर्नाडी अशी ही मालिका आहे. ही नावे आजही बाजारात आहेत.

पैशांची बचत हे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण अचूकतेचे. कारखान्यातील काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत चालावे अशा बेताने भरलेले असते. घरी भरणारा मात्र आपल्या एकाच रायफलीचे माप घेतो. तयार कपडे आणि शिंप्याकडून अंगावर बेतून घेतलेले कपडे यांत जो फरक, तोच येथे आहे.

प्रसरण पावणारी गोळी

हरणावर झाडलेल्या गोळीचे काम कागदी लक्ष्यावर झाडलेल्या गोळीपेक्षा वेगळे असते. कागदाला अचूक भोक पडले की काम संपले. हरणाच्या बाबतीत गोळीने कातडी, बरगडी आणि स्नायू भेदून हृदय व फुप्फुसांपर्यंत पोहोचायचे असते आणि तेथे रुंद जखम करून जनावराला काही क्षणांत बेशुद्ध करायचे असते. यासाठी गोळीचे टोक आघातानंतर उमलावे लागते. चांगली शिकारी गोळी आपल्या मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट रुंद होते आणि छत्रीसारखा आकार घेते. जी उमलत नाही, ती सुईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर मैलोगणती पळते. जी अति लवकर उमलते, ती खांद्याच्या हाडावरच फुटून वरवरची जखम करते. निवडीचा सारा पेच या दोन टोकांच्या मध्ये आहे.

उमलणाऱ्या गोळीच्या इतिहासात एक भारतीय गाव अजरामर झाले आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील लष्करी कारखान्यात १८९०च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाशी आवरण उघडे ठेवलेली गोळी तयार केली. तिच्या भीषण जखमांवरून ‘डमडम गोळी’ हा शब्द जगभरच्या भाषांत गेला. १८९९च्या हेग परिषदेत युद्धामध्ये अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. विरोधाभास असा की, सैनिकावर जी गोळी झाडणे अमानुष ठरले, तीच हरणावर झाडणे दयेचे मानले जाते. युद्धात शत्रूला निकामी करणे पुरेसे असते, शिकारीत मात्र जनावर अर्धमेले सोडणे हेच क्रौर्य ठरते. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांनी पूर्ण धातूवेष्टित लष्करी गोळ्यांनी हरणाची शिकार करण्यास बंदी घातली आहे. स्पर्धेसाठी बनविलेल्या अतिअचूक ‘मॅच’ गोळ्याही या कामाला योग्य नव्हेत, कारण त्यांची रचना उमलण्याचा विचार करून केलेली नसते.

वजन, व्यास आणि वेग

गोळीचे वजन ‘ग्रेन’ या एककात मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम. हरणाच्या शिकारीत लोकप्रिय असलेल्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाचे उदाहरण घेऊ. ते १९५२ साली बाजारात आले. त्याच्या गोळीचा व्यास ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. या व्यासात १५० ग्रेन (९.७ ग्रॅम), १६५ ग्रेन (१०.७ ग्रॅम) आणि १८० ग्रेन (११.७ ग्रॅम) अशा गोळ्या सर्रास मिळतात. १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,८०० फूट, म्हणजे साधारण ८५० मीटर वेगाने निघते. त्या वेळी तिच्यात सुमारे ३,५०० जूल ऊर्जा असते.

गोळी किती खोल शिरेल याचा ढोबळ अंदाज ‘सेक्शनल डेन्सिटी’ या आकड्यावरून बांधतात. गोळीचे पौंडातील वजन भागिले इंचातील व्यासाचा वर्ग, असे त्याचे साधे सूत्र आहे. .३०८ व्यासाच्या १५० ग्रेन गोळीचा हा आकडा ०.२२६ येतो, १६५ ग्रेनचा ०.२४८ आणि १८० ग्रेनचा ०.२७१. आकडा जितका मोठा, तितकी गोळी तिच्या रुंदीच्या मानाने वजनदार आणि तितकी तिची भेदकता अधिक. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी १५० किंवा १६५ ग्रेन पुरेसे ठरतात. १८० ग्रेनची गोळी एल्कसारख्या थोराड जनावरासाठी राखून ठेवली जाते. .२४३ विंचेस्टर या लहान काडतुसात ९५ ते १०० ग्रेन, .२७० विंचेस्टरमध्ये १३० ग्रेन आणि जुन्या .३०-३० विंचेस्टरमध्ये १५० ते १७० ग्रेन ही हरणासाठीची रूढ वजने आहेत.

मात्र नुसते वजन पाहून चालत नाही. ही आकडेमोड न उमललेल्या गोळीची असते. एकदा गोळी उमलली की तिचा व्यास आणि वजन दोन्ही बदलतात. त्यामुळे गोळीची अंतर्गत रचना वजनाइतकीच महत्त्वाची ठरते. शिवाय प्रत्येक गोळीला उमलण्यासाठी किमान वेग लागतो. पुष्कळशा शिकारी गोळ्यांच्या बाबतीत तो सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास असतो. अंतर वाढेल तसा वेग घटतो. म्हणून आपण किती अंतरावरून गोळी झाडणार आहोत हे निवडीच्या आधीच ठरलेले असावे लागते. दाट झाडीत ५० यार्डांवर वापरायची गोळी आणि उघड्या शेतात ३०० यार्डांवर वापरायची गोळी एकच असेल असे नाही.

रायफलीच्या दांडीखालील नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ठेवायची रचना असेल, तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. १८९४च्या विंचेस्टर रायफलीत अशी रचना आहे. तीत मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते. टोक कठीण व अणकुचीदार असल्यास रायफलीच्या धक्क्याने पुढची टोपी पेटण्याचा धोका असतो. अशा रायफलीत चपट्या टोकाच्या, किंवा खास या कामासाठी बनविलेल्या मऊ प्लॅस्टिक टोकाच्याच गोळ्या वापरायच्या असतात.

शिसे की तांबे?

परंपरागत शिकारी गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. ती स्वस्त असते, सहज उमलते आणि मध्यम अंतरावर हरणासाठी उत्तम काम करते. वेग फार असला किंवा मोठे हाड लागले, तर मात्र तिचे तुकडे होतात. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेलेल्या जॉन नॉस्लर यांना हाच अनुभव आला. त्यांच्या वेगवान गोळ्या त्या अजस्र जनावराच्या चिखलाने माखलेल्या अंगावर वरच्यावर फुटल्या. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग उमलतो आणि भिंतीमागचा भाग शाबूत राहून खोल शिरतो. पुढे शिशाचा गाभा आवरणाला रासायनिक वा उष्णतेच्या प्रक्रियेने जोडलेल्या ‘बाँडेड’ गोळ्या आल्या. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची संपूर्ण तांब्याची ‘एक्स’ गोळी बाजारात आली. तिच्या टोकाशी पोकळी असते. आघात होताच टोक पाकळ्यांसारखे उलगडते आणि गोळीचे जवळजवळ सर्व वजन शाबूत राहते.

तांब्याच्या गोळीकडे वळण्यामागे आता पर्यावरणाचे कारणही आहे. शिशाची गोळी जनावराच्या शरीरात असंख्य बारीक कण सोडते. शिकारी मांस घेऊन जातात, आतडी रानातच टाकतात आणि ती खाणाऱ्या पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाचा काँडोर हा गिधाडवर्गीय पक्षी. १९८२ मध्ये जगात अवघे २२ काँडोर उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेण्यात आला. आज त्यांची संख्या ५०० च्या वर गेली आहे. पण मोकळ्या रानात त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच राहिले आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये केलेला कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येऊन १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडे कशी नाहीशी झाली हे पाहिलेल्या भारतीय वाचकाला या साखळीतील दुवे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मेलेल्या जनावरात राहिलेले विष शेवटी ते खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जाते, हा न्याय दोन्हीकडे सारखाच आहे.

तांब्याची गोळी निवडल्यावर हँडलोडरपुढे नवे गणित उभे राहते. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर तांब्याची सुमारे ९ पट. म्हणजे तेवढ्याच वजनाची आणि व्यासाची तांब्याची गोळी अधिक लांब होणार. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी जास्त वेगाने फिरावी लागते. नळीच्या आतील पेचदार आटे गोळीला फिरवतात. दर १२ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीपेक्षा दर १० इंचांत एक फेरा देणारी नळी लांब गोळीला मानवते. म्हणूनच तांब्याची गोळी घेताना एक पायरी हलकी, म्हणजे १६५ ऐवजी १५० ग्रेनची, निवडण्याचा प्रघात पडला. ती पूर्ण वजनानिशी आत शिरत असल्याने भेदकतेत उणी पडत नाही. लांब गोळीचा परिणाम पुंगळीच्या आतही होतो आणि तेथूनच बैठकीचा प्रश्न सुरू होतो.

गोळीची बैठक

गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे तीन मर्यादांवरून ठरते. पहिली मर्यादा प्रमाणित लांबीची. १९२६ साली स्थापन झालेली ‘सामी’ ही अमेरिकी दारूगोळा उत्पादकांची संस्था प्रत्येक काडतुसाची कमाल लांबी प्रसिद्ध करते. .३०८ विंचेस्टरसाठी ती २.८१ इंच (७१.४ मिलिमीटर), तर .३०-०६ स्प्रिंगफील्डसाठी ३.३४ इंच (८४.८ मिलिमीटर) आहे. दुसरी मर्यादा रायफलीच्या मॅगझिनची. काडतूस त्यात मावले नाही आणि सहज वर सरकले नाही, तर शिकारीत त्याचा उपयोग नाही. तिसरी मर्यादा नळीतील आट्यांची. काडतूस नळीच्या मागच्या कोठीत बसल्यावर गोळीचा फुगीर भाग आणि आट्यांची सुरुवात यांत थोडे अंतर राहायला हवे. गोळी सुटल्यावर हे अंतर उडी मारल्यासारखे पार करते, म्हणून त्याला ‘जंप’ म्हणतात.

हे अंतर मोजण्याची जुनी रीत अशी. वापरलेल्या, टोपी व दारू नसलेल्या पुंगळीची मान किंचित आवळून तीत गोळी हलकेच, गरजेपेक्षा बाहेर ठेवतात. हे निर्जीव काडतूस कोठीत सावकाश सारले की आटे गोळीला मागे ढकलतात. ते बाहेर काढून मोजले की गोळी आट्यांना नेमकी कोठे टेकते हे कळते. हल्ली यासाठी दांड्याचे खास मापयंत्र मिळते. मोजमाप शक्यतो गोळीच्या टोकापासून घेत नाहीत, कारण मऊ शिशाची टोके चेपलेली वा कमी-अधिक लांबीची असतात. गोळीच्या फुगीर भागावर बसणारी चकती कॅलिपरला जोडून तेथपर्यंतची लांबी मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

समजा, एका रायफलीत ठरावीक गोळी २.८६ इंच एकूण लांबीला आट्यांना टेकते आणि मॅगझिनमध्ये २.८३ इंचांपर्यंतचे काडतूस मावते. शिकारी २.८० इंच लांबी निवडतो. यामुळे काडतूस प्रमाणित मर्यादेत राहते, मॅगझिनमध्ये सहज सरकते आणि आट्यांपूर्वी ०.०६ इंचाची उडी उरते. पारंपरिक शिशाच्या गोळ्यांसाठी ०.०२ इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, इतकी उडी ठेवून सुरुवात करण्याची पद्धत आहे. संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांना मोठी उडी मानवते, त्यांच्यासाठी ०.०५ इंचाच्या आसपास सुरुवात केली जाते. गोळी आट्यांना टेकवून भरण्याचा प्रयोग स्पर्धेतील नेमबाज करतात. शिकाऱ्याने तो टाळावा, कारण न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी आट्यांत अडकून राहू शकते आणि दारू यंत्रणेत सांडते.

प्रत्यक्ष बसवणी हाताच्या दट्ट्याने चालणाऱ्या प्रेसवर होते. आधी पुंगळी स्वच्छ करून, मूळ मापाला आणून तिला नवी टोपी बसवलेली असते. पुंगळीच्या तोंडाची आतली कडा हत्याराने किंचित तिरपी तासतात. तसे न केल्यास धारदार कडा गोळीचे आवरण खरवडते. दारू मोजून भरल्यावर सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून विजेरीच्या प्रकाशात प्रत्येकीतील दारूची पातळी पाहतात. ही तपासणी गोळी बसवण्यापूर्वीच शक्य असते; नंतर आत काय आहे ते दिसत नाही.

गोळी बसवण्याच्या साच्याला ‘सीटिंग डाय’ म्हणतात. पुंगळी प्रेसमध्ये वर नेऊन डाय तिच्या तोंडाला टेकेपर्यंत खाली फिरवतात आणि मग एक पूर्ण फेरा मागे घेतात. असे केल्याने पुंगळीचे तोंड नकळत आवळले जात नाही. डायमधील दांडा गोळीला खाली दाबतो. तो आरंभी वर ठेवून, गोळी जास्त बाहेर असताना मोजमाप घेत, थोडा थोडा खाली आणतात. गोळी खोल दाबणे सोपे, बाहेर ओढणे जिकिरीचे असते. दांड्याचा खोलगट भाग गोळीच्या आकाराशी जुळणारा हवा, अन्यथा गोळीवर वर्तुळाकार खूण उमटते किंवा ती तिरकी बसते. अर्धी गोळी आत गेल्यावर पुंगळी अर्धा फेरा फिरवून उरलेली दाबली, तर ती सरळ बसण्यास मदत होते असे अनेक अनुभवी लोक मानतात. बुडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या ‘बोट-टेल’ गोळ्या पुंगळीच्या तोंडात आपोआप सरळ उभ्या राहतात. सपाट बुडाच्या गोळ्यांना अधिक काळजी लागते.

पुंगळीची मान गोळीच्या व्यासापेक्षा सुमारे ०.००२ इंच अरुंद असते. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असलेला हा फरकच गोळीला घट्ट धरून ठेवतो. ही पकड ढिली असेल, तर रायफलीच्या धक्क्याने मॅगझिनमधील पुढच्या काडतुसांच्या गोळ्या मागेपुढे सरकतात. नळकांड्याच्या मॅगझिनमध्ये तर स्प्रिंगचा दाब सतत असतो. अशा काडतुसांत गोळीवरील खाचेच्या पातळीला पुंगळीचे तोंड आणून ते आत आवळतात. ज्या गोळीवर खाच नाही तिच्यावर हा प्रयोग केल्यास गोळीचा आकार बिघडतो.

दाबाचा हिशेब

बैठकीतील चूक धोकादायक का ठरते, हे दाबाच्या आकड्यांवरून समजते. .३०८ विंचेस्टरसाठी कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरलेला आहे. मोटारीच्या चाकात तो ३२ पौंडांच्या आसपास असतो. म्हणजे चाकाच्या जवळजवळ दोन हजार पट दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर, सेकंदाच्या हजाराव्या भागात निर्माण होतो. या दाबाला रोखून धरते ती पोलादी कोठी आणि पितळेची पुंगळी.

गोळी प्रमाणापेक्षा खोल बसली, तर पुंगळीतील मोकळी जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने अधिक दाब निर्माण होतो. उलट, गोळी आट्यांना टेकलेली असेल, तर तिला धावण्यासाठी जागा न मिळाल्याने आरंभीच विरोध वाढतो आणि दाब चढतो. म्हणजे दोन्ही टोकांना धोका आहे. लांब तांब्याची गोळी पुंगळीत अधिक जागा व्यापत असल्याने शिशाच्या गोळीसाठी छापलेले दारूचे प्रमाण तिला लावणे हे अपघाताला निमंत्रण ठरते. गोळी बदलली की प्रमाण बदलते, हा या छंदाचा पहिला नियम आहे. गोळ्या व दारू बनविणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून पुस्तिका प्रसिद्ध करतात. हँडलोडरने त्याच नेमक्या गोळीसाठी, त्याच दारूसाठी दिलेले प्रमाण पाहावे, किमान प्रमाणापासून सुरुवात करावी आणि छापील कमाल कधी ओलांडू नये. मित्राने सांगितलेले वा कोठे ऐकलेले प्रमाण या कामी ग्राह्य नाही.

रायफल स्वतःही इशारे देते. झाडलेल्या पुंगळीची टोपी अति चपटी होणे, बुडावर चकचकीत खूण उमटणे, बोल्ट उचलताना जोर लागणे ही वाढलेल्या दाबाची लक्षणे होत. यांपैकी एकही दिसले, की त्या खेपेची उरलेली काडतुसे झाडायची नसतात. त्यांतील गोळ्या हातोडीसारख्या साधनाने काढून सर्व भाग वेगळे केले जातात. मेजावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि भरताना दूरदर्शन वा गप्पा नसाव्यात, हेही नियम याच शिस्तीचे आहेत.

चाचणी आणि मांस

भरलेली काडतुसे रानात नेण्याआधी चांदमारीच्या मैदानावर तपासली जातात. १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा पुंजका दीड इंचात आला, तर तो हरणासाठी पुरेसा समजतात. हरणाच्या छातीतील हृदय-फुप्फुसांचा वेध घ्यायचा भाग सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या पुंजक्यासाठी बैठकीची माया हजाराव्या भागाने बदलत राहण्यापेक्षा, थंडीत, थकल्या हाताने, उभ्याने गोळी झाडता येते का, याचा सराव अधिक मोलाचा ठरतो. हंगामापूर्वी प्रत्येक काडतूस एकदा मॅगझिनमधून कोठीत सरकवून पाहावे. ते मैदानावरच, नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि चापाला बोट न लावता.

शेवटचा प्रश्न ताटाचा. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरजूंना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण आढळले आणि राज्याच्या आरोग्य विभागाने तो खिमा टाकून देण्याचा सल्ला अन्नवाटप केंद्रांना दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तेथील ७३८ जणांच्या रक्ताची तपासणी केली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण इतरांपेक्षा थोडे अधिक आढळले. लहान मुले व गर्भवती स्त्रियांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. शिशाचे कण जखमेपासून फूटभर अंतरापर्यंतही पसरू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याने धुऊन ते जात नाहीत, उलट पसरतात. म्हणून शिशाची गोळी वापरली असेल, तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकणे आणि त्याचा खिमा न करणे हा सल्ला दिला जातो. शेजाऱ्याकडून मांस आले, तर गोळी शिशाची होती की तांब्याची, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. जाणते शिकारी हा प्रश्न योग्यच मानतात.

अमेरिकेत १९०० च्या सुमारास बेबंद शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीची हरणे नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. हंगाम, परवाने आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शस्त्रे व काडतुसांवरील कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवल्यावर ती पुन्हा कोट्यवधींच्या घरात पोहोचली. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद तेथेही संपलेला नाही आणि तो काडतुसाच्या लांबीने सुटणाराही नाही. परंतु ज्या समाजाने शिकारीला कायद्याने जागा दिली आहे, तेथे शिकाऱ्यावर एक किमान जबाबदारी येते. जनावराला एकाच गोळीत मरण यावे, गोळी झाडणाऱ्याला इजा होऊ नये आणि मागे राहिलेल्या अवशेषांनी गिधाड वा मूल यांच्या शरीरात विष जाऊ नये, इतकी ती जबाबदारी आहे. ती हंगामाच्या पहिल्या पहाटेला सुरू होत नाही. कित्येक आठवडे आधी, कॅलिपर हातात घेऊन पहिली गोळी निवडताना ती सुरू झालेली असते.